कोलंबो पहिले, पेडणे तिसरे

माझा पहिला परदेशप्रवास पेडण्याला झाला. आज हे वाचून कोणी हसेल, पण त्या वेळी गोवा पोर्तुगीजांचा होता आणि माझी सासुरवाडी पेडण्याजवळच्या एका वाडीत होती. १९५३ च्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको मालवणहून बोटीने निघालो, पणजीला उतरलो आणि दोन नद्या ओलांडून पुन्हा उत्तरेला आलो. म्हणजे आधी घरापासून लांब गेलो आणि मग घराच्याच दिशेने परतलो. मी हायस्कुलात भूगोल शिकवीत असे. मला हा प्रवास फार शास्त्रशुद्ध वाटला होता. वाटेत समुद्र लागला, दुसऱ्याचे राज्य लागले, दुसऱ्याचे नाणे लागले. परदेशाला आणखी काय लागते?

पणजीच्या धक्क्यावर एका गोऱ्या शिपायाने आमची ट्रंक उघडली. साड्यांच्या घड्यांत माझ्या बायकोने आईसाठी आगळाची बाटली गुंडाळून ठेवली होती. कोकमाचा तो गडद लाल रस बघून शिपायाने भुवया चढवल्या आणि बाटली उजेडात धरली.

"सोरो?" त्याने विचारले. आमच्याकडचा दारूसाठीचा तेवढा एकच शब्द त्याला येत असावा.

"सोरो न्हय रे बाबा, आगळ!" माझी बायको म्हणाली. "लाव तोंडाक, मगे कळात."

त्याने बोट बुडवून चाटले. त्याचा चेहरा असा आवळला की मागच्या रांगेतली माणसेसुद्धा हसली. त्याने बाटली परत दिली आणि आम्हाला हाताने पुढे जायला सांगितले. परदेशी सरकारशी माझा आलेला संबंध एवढाच, आणि तोही बायकोने निभावला.

सुट्टी संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत जरा रंगवून सांगितली. "यंदा परदेशी जाऊन आलो," अशी मी सुरुवात केली. तेवढीच चूक झाली. आमचे संस्कृतचे शिक्षक गोव्याच्या हद्दीलगतच्या सातार्ड्याचे. ते चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, पेडण्याक परदेश म्हणतास? आमची म्हस रोज सकाळी पल्याड चरूक जाता, सांजेक परत येता. तिचो सत्कार खंय करूया?"

पुढे कित्येक महिने मी खोलीत शिरलो की कोणीतरी म्हशीची चौकशी करी. दूध काय म्हणते, पासपोर्ट मिळाला का. मीही हसत असे. हसण्याखेरीज काही करता येत नव्हते. पण खरे सांगायचे तर ते मला फार लागले. वर्गात मी मुलांना पनामाचा कालवा आणि नॉर्वेचा किनारा शिकवायचो, आणि माझ्या स्वतःच्या प्रवासाची बरोबरी एका म्हशीने केली होती. त्या दिवशीच मी मनात ठरवले, की पुढचा परदेशप्रवास असा करायचा, की ज्याला कोणी नाव ठेवणार नाही.

हा निश्चय मी बायकोला सांगितला नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे निश्चय मी तिला सांगितलेले नाहीत. त्यांतला हा सर्वांत महाग पडला, मला कमी आणि तिला जास्त.

पंचावन्न साली हद्द बंद झाली. बोट गोव्याला जाईनाशी झाली, परवान्याशिवाय पलीकडे पाऊल टाकता येईना. सासूबाई विधवा. शेजारी दीर-जाऊ राहत, पण स्वतःच्या घरात त्या एकट्याच. माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. आम्हालाही मूलबाळ नव्हते, त्यामुळे मायलेकींची एकमेकींवर फार भिस्त. पत्रे कुठून कुठून फिरून महिन्या-दीड महिन्याने येत. सासूबाईंना लिहिता येत नसे. त्या दिराकडून लिहवून घेत, आणि त्यामुळे प्रत्येक पत्रात भाताचे पीक आधी येई आणि तब्येत शेवटच्या ओळीत. अठ्ठावन्न सालापासून त्या शेवटच्या ओळीत डोळे येऊ लागले. आधी 'डोळ्यांसमोर धुके येते'. मग 'दिव्याभोवती वर्तुळ दिसते'. मग 'माणूस ओळखू येते, पण तोंड दिसत नाही'.

एकोणसाठच्या सुरुवातीला कानावर आले, की जवळच्या नातेवाइकांना परवाने पुन्हा मिळू लागले आहेत. बायकोने त्याच दिवशी मला जेवताना सांगितले.

"ह्या मे म्हयन्यात आवशीकडे जावया. तिका दिसता तवसर माका तिच्या फुड्यात जावन उभ्या रवूचा आसा."

मी "हो" म्हणालो. मनापासून म्हणालो. पण महिनाभराने शिमग्याला माझा चुलतभाऊ रजेवर आला आणि सगळे फिरले.

हा चुलतभाऊ बोटीवर होता. उतारूंच्या जेवणघरात काम करायचा. त्याने अर्धे जग पाहिले होते, म्हणजे अर्ध्या जगाचे धक्के पाहिले होते. तो आला की मी त्याच्यासमोर नकाशा पसरून बसायचो, आणि तो चकल्या खात बसायचा.

"एडन कसे आहे रे?" मी विचारले.

"गरम."

"आणि मोंबासा?"

"माड आसत."

"माड तर आपल्याकडेही आहेत."

"म्हणान तर माका बरा वाटला थंय."

"आणि कोलंबो?"

त्याने चकली मोडली. "कोलंबो बरो. पावस पडता. शिजवतत पण आपल्यासारख्याच, नारळ घालून. तुका जावचा आसा काय? आमची बोट आता कोलंबोवरसून जाता. डेकचा तिकीट मी बघतंय. एडनाक पण माझो एक दोस्त आसा."

माझ्या डोळ्यांसमोर शिक्षकांची खोली उभी राहिली. कोलंबो! सिंहलद्वीप! तिथे सातार्ड्याची कोणतीही म्हैस पोहून जाणार नव्हती.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, की आपण यंदा कोलंबोला जाऊ आणि पुढच्या वर्षी नक्की पेडण्याला. परवाना काय, आता मिळतोच आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही. एडनचाही विचार करता येईल. तिने दिव्याची वात खाली केली. मला वाटले आता रडेल. पण ती समुद्रावर जाणाऱ्या माणसांच्या घरातली. तिच्या माहेरी कोणीही पाण्यावर पाऊल टाकायचे झाले तर आधी देवाला विचारायची रीत होती. ती म्हणाली, "तुमी म्हणतास तां माका पटणा नाय, आणि मी म्हणतंय तां तुमका. देवाक इचारूया. तो सांगात तां खरा."

आमच्याकडे कौल घेतात, तो असा. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलांच्या कळ्या पाण्याने चिकटवतात. गुरव गाऱ्हाणे घालतो, म्हणजे देवापुढे मोठ्याने प्रश्न मांडतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मात्र एका वेळी एकच विचारायचा. आणि मुख्य नियम हा, की एकदा उजवा कौल मिळाला, की त्या कामापुरते विचारणे संपले. पुढे आणखी काही विचारणे म्हणजे देवाच्या शब्दावर शंका घेणे. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता, आणि माझ्या अपराधाचे मूळ त्यातच आहे.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. बायको बायकांच्या बाजूला खांबाजवळ बसली. गुरव माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तरांनू, तीन गाव म्हणतास, पण देवाक एकेक इचारूचा लागता. तीनय एकदम घातलास तर तो तरी काय करतलो? पयलो खयचो?"

कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. 'पेडणे' हा शब्द 'कोलंबो'पेक्षा उच्चारायला अवघड नाही. मी खाली मान घालून म्हणालो, "पहिले कोलंबो. मग एडन. मग पेडणे."

गुरवाने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि तो वळला.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो आसा. ह्या सुट्टीत तेका आपल्या कुटुंबाक घेवन दर्यापल्याड कोलंबोक जावचा आसा. तां तेच्या बऱ्याचा आसात तर उजवो दी, आणि तेची वाट सुकाची कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आजूबाजूचे चार-पाच जण म्हणाले. माझी बायकोही म्हणाली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

पाच मिनिटांत उजवी कळी पडली.

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. गुरवाला फशी पाडले नव्हते, कळीला हात लावला नव्हता. इतका निर्मळ राहून मी कधी कोणाला फसवले नव्हते. हा क्रम मी सांगितला होता, हे बायकोला माहीत नव्हते. तिला वाटले, तीन गावांतले पहिले नाव देवानेच गुरवाच्या तोंडी घातले आणि त्यालाच उजवा दिला. तिने कपाळ जमिनीला टेकवले आणि बराच वेळ ती उठली नाही. परतताना वाटेवर ती एवढेच म्हणाली, "देवाच्या मनात काय तरी आसतला."

देवाच्या मनात काय होते ते मला माहीत नाही. माझ्या मनात होती म्हैस.

यानंतर जे झाले त्याला मी शिक्षा म्हणत नाही, कारण शिक्षा झाली ती मला नव्हती. पासपोर्टसाठी मी रत्नागिरीला अर्ज पाठवला. तिकडून विचारणा आली, प्रवासाचे प्रयोजन काय. मी 'शैक्षणिक' असे लिहिले. मग विचारणा आली, शाळेची संमती आहे का. मुख्याध्यापकांनी संमती देताना म्हशीविषयी काही विचारले नाही, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग ऐपतीचा दाखला हवा झाला. तो मिळेपर्यंत मे महिना संपला. पुढच्या वर्षी पासपोर्ट आला, तर चुलतभावाचे पत्र आले की त्याची बोट आता बसऱ्याकडे लावली आहे.

मी मनातून सुटलो. पत्र खिशात घालून घाईघाईने घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "कोलंबोचे जमत नाही. आता सरळ पेडण्याचा परवाना मागू. आजच अर्ज लिहितो."

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि माझ्याकडे बघितले. "ता कसा जमात?"

"का?"

"देवान कोलंबो सांगल्यान. ता झाल्याबिगर दुसरीकडे खंय जातास?"

"अगं, बोट बदलली."

"बोट बदलली. देव बदललो काय?"

माझ्यापाशी उत्तर होते. साधे, चार वाक्यांचे. क्रम मी ठेवला होता, देवाला तुझ्या आईविषयी विचारलेच नाही, चल आपण पुन्हा देवळात जाऊ आणि चूक कबूल करू. गुरवाने तशी माफी मागण्याचीही रीत सांगितली असती. मात्र ती रीत अशी, की अपराध गुरव मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेले लोक "होय म्हाराजा" म्हणतात. मला ते "होय म्हाराजा" आधीच ऐकू येऊ लागले. संस्कृतचे शिक्षक सोमवारी देवळात येत असत.

मी चार वाक्ये गिळली. "बरे, दुसरी बोट बघतो," असे म्हणालो आणि दुसरी बोट बघू लागलो. निदान तसे दाखवू लागलो. साठचा मे गेला. एकसष्टचा मे गेला. बायकोने आईला पत्र लिहिले, ते मीच तिच्या सांगण्यावरून लिहिले: 'देवाने आम्हाला कोलंबोचा कौल दिला आहे. ते झाले की लगेच तुझ्याकडे येतो.' माझ्या हाताने लिहिले आणि माझ्या हाताने पेटीत टाकले. उत्तरातली शेवटची ओळ दर वेळी थोडी लहान होत गेली. एकसष्टच्या दिवाळीनंतरच्या पत्रात ती नव्हतीच. मी ते पत्र दोनदा वाचले आणि बायकोला म्हणालो, डोळ्यांविषयी काही लिहिलेले नाही, म्हणजे बरे असणार.

त्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. बाजारात पेढे वाटले गेले. शाळेत सभा झाली, आणि भूगोलाचा शिक्षक म्हणून मला हिंदुस्थानचा नकाशा फळ्यावर काढून गोव्याची सीमारेषा पुसायला सांगितले. मी ती पुसली. टाळ्या पडल्या. सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही झाला, पण माझ्या आनंदाचे कारण जरा खासगी होते. त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "कौल परदेशाचा होता. पेडणे आता परदेश राहिलेच नाही. माहेरी जायला कोण कौल घेतो?"

तिने एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "ह्यां बरा. ह्यां देवाक पण चलात." भारत सरकारने फौज पाठवून माझी अब्रू वाचवली, असे मला तेव्हा खरोखर वाटले.

बासष्टच्या मे महिन्यात आम्ही एस. टी.ने निघालो. सावंतवाडीला गाडी बदलली, सातार्ड्याची नदी ओलांडली आणि दुपारी सासूबाईंच्या अंगणात पोहोचलो. त्या ओटीवर बसल्या होत्या. पावले ऐकून त्यांनी मान वळवली, पण आमच्याकडे नाही, आमच्या जरा डावीकडे. "कोण गो?" त्या म्हणाल्या.

माझ्या बायकोने चपला काढल्या. ती जाऊन त्यांच्यासमोर बसली. सासूबाईंनी हात पुढे केला, तो तिच्या कपाळाला लागला. मग नाक, गाल, हनुवटी. त्यांची बोटे गालाच्या हाडावर पुन्हा पुन्हा जात राहिली. "बारीक झालंस," त्या म्हणाल्या. "कदी?"

एवढे मला पुष्कळ झाले होते. मी ट्रंक आत ठेवायच्या निमित्ताने उठलो, तोच त्यांनी हाक मारली.

"मास्तरांनू, बसा. खंय चललास? कसो काय कोलंबो? मी वाड्यार सगळ्यांक सांगलंय, माझे जावय कोलंबोक गेले म्हणान. थंय माड आपल्यासारकेच मां?"

"आये, कोलंबोक आमी जावक नाय अजून," बायको म्हणाली.

सासूबाईंचे हात तिच्या खांद्यावर थांबले. "जावक नाय? मगे हंय कशी इलंस?"

"गोवा आता परदेश नाय. आपलोच देश झालो."

"झालो तो दिल्लेकारांचो. देवाक कोणी इचारल्यान? देवान एक वाट दाखयल्यान, ती सोडून तू माझ्याकडे इलंस?" त्यांचा आवाज चढला. "माका नको गो असला. उद्या माझ्यामुळा तुझ्या घराक काय झाला तर मी खंय तोंड लपवू? जेव, आणि सकाळच्या गाडयेन परत जा. आधी देवाचा शब्द राख. मगे ये."

"आये—"

"नको. मी रवतंय. इतकी वर्सां रवलंय, आणि एक-दोन वर्सां रवान."

बायकोने माझ्याकडे वळून पाहिले. तिला वाटले, मी शिकलेला माणूस, काहीतरी समजावून सांगेन. तीन वर्षांपूर्वी देवळात खांबाजवळून ती अशीच माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडले. मी घाबरलो की कचेरीत बोलतात तसे पुस्तकी मराठी बोलू लागतो, अजूनही बोलतो.

"आई," मी म्हणालो, "सदर कौलाच्या बाबतीत माझ्याकडून एक गंभीर प्रमाद घडलेला आहे. प्रश्नांचा क्रम मी निश्चित केला होता. त्यात आपल्या गावाचा समावेश अखेरीस करण्यात आला होता, त्यामुळे त्यासंबंधी पृच्छा होऊ शकली नाही."

सासूबाई मुलीकडे वळल्या. "मास्तर काय म्हणतत गो?"

आणि मग माझा अपराध माझ्या बायकोला आपल्या बोलीत सांगावा लागला. मी सांगायला हवा होता. पण मी देवळातल्यासारखी मान खाली घातली, आणि ती सांगू लागली. सांगता सांगताच तिला तो कळत होता.

"आये, ते म्हणतत... देवाक तेंनी पयलो कोलंबो इचारल्यानी. उजवो पडलो, म्हणान थंयच थांबले. मगे होता एडन. आणि तुझो गाव..." ती थांबली. "तुझो गाव तिसरो घातल्यानी. तो इचारूकच नाय."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. सासूबाईंनी मुलीचा हात चाचपून धरला.

"म्हणजे देवान माका नाय म्हणूक नाय?"

"नाय, आये. देवाक कोणी इचारूकच नाय."

"अरे देवा!" त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू आले, की मला तिथे बसवेना. "तीन वर्सां मी सोमवार धरलंय गो. म्हटलंय, माझ्या हातसून देवाचा काय तरी चुकला, म्हणान तो माझ्या चेडवाक माझ्याकडे येवक देणा नाय. दर सोमवारी तेच्याकडे इचारतंय, काय चुकला सांग. तो तरी काय सांगतलो? तेका ठावकच नाय!" त्या माझ्या दिशेने, म्हणजे पुन्हा जरा डावीकडे वळल्या. "बरा झाला, मास्तरांनू. मी घाबारलंय होतंय, देवाचो राग म्हणान. तुमचो होय, मगे काय हरकत नाय. तुमचो शब्द मोडलो तरी चलता."

त्यांनी मला तिथल्या तिथे माफ करून टाकले. आणि शेजारच्या घराकडे तोंड करून जावेला हाक मारली, की माणसे राहणार आहेत, तांदूळ वाढव.

बायकोने माफ केले की नाही ते मला अजून नक्की सांगता येणार नाही. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर पाय धूत होतो, तेव्हा ती कळशी घेऊन आली. ती भरून तिने विहिरीच्या काठावर ठेवली. मग म्हणाली, "कोलंबो माका कळता. शाळेतली माणसा हसली, तुमका लागला. ता माका तेव्हाच कळला होता. पण एडन?"

मी दुसऱ्या पायावर पाणी ओतले.

"एडनाक काय आसा? भावजी म्हणाले, गरम आसा. बाकी काय्यक नाय म्हणाले. तां तुमी माझ्या आवशीच्या वर घातलास."

याचे उत्तर मी तेव्हा शोधले, नंतरही पुष्कळ शोधले. एडनला जायची मला कधीच इच्छा नव्हती. यादी भरायला दुसरे नाव हवे होते, म्हणून ते घातले. एवढेच खरे आहे, आणि एवढे खरे तिला सांगण्यापेक्षा मी गप्प राहिलो. तिने कळशी कमरेवर घेतली आणि ती गेली.

जूनमध्ये शाळा उघडायची होती, मी एकटा परतलो. ती चतुर्थीपर्यंत तिथेच राहिली. त्या पावसात मी स्वतः भात शिजवला आणि बहुतेक दिवस करपवला. शेजारच्या बायका विचारीत, घरकारीण खंय? मी सांगत असे, सासूबाईंना दिसत नाही, सोबतीला राहिली आहे. हे खरे होते. अर्धे खरे बोलण्याची माझी सवय तेव्हाही सुटली नव्हती.

देवळात मात्र मी गेलो. श्रावणातल्या एका सोमवारी गुरवाला सगळे सांगितले आणि म्हणालो, घाल गाऱ्हाणे. त्याने घातले, एकही शब्द गाळला नाही. "ह्या मास्तरान आपल्या सासयेचो गाव तिसरो घातल्यान, आणि एडन म्हणान कायतरी दुसरो घातल्यान, तां चुकला, तेका पदरात घी रे म्हाराजा!" लोकांनी "होय म्हाराजा" म्हटले. संस्कृतचे शिक्षक त्यांत होते. पुढच्या आठवड्यात खोलीत ते माझ्याशेजारी बसले, आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली आणि म्हशीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्यांनी काढला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर सुट्टीत कुठे जायचे, हे आमच्या घरात ठरवावे लागले नाही. एप्रिल संपत आला की बायको ट्रंक काढायची. मी गाडीपर्यंत ट्रंक न्यायचो, कधी सोबत जायचो, कधी मागाहून. सासूबाई दर वर्षी तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि बारीक झालीस की जाडी झालीस ते सांगायच्या. मला मात्र त्या दर वर्षी कोलंबोची माहिती विचारायच्या. मी क्रमिक पुस्तकात होते तेवढी सांगितली, मग चुलतभावाला विचारून आणखी सांगितली. त्यांना सगळ्यांत आवडले ते तिथे जेवणात नारळ घालतात हे.

अडुसष्टच्या पावसाळ्यात त्या गेल्या. बायको त्या वेळी जवळ होती.

पुढच्या चैत्रात एका संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. मी वह्या तपासत होतो. ती वर न बघता म्हणाली, "ह्या सुट्टीत खंय जावया? तुमी सांगा. पयलो नंबर तुमीच घाला."

त्यात टोमणा नव्हता. मी ऐकून बघितले, नव्हता. तिला खरोखरच कुठे जायचे ते माहीत नव्हते. मी वही मिटली. पासपोर्ट कपाटात कुठेतरी होता, त्याची मुदत संपून गेली होती.

"पेडण्याला जाऊ," मी म्हणालो.

तिने सूप थांबवले. "थंय आता कोण आसा?"

मी वह्यांवर दोरी गुंडाळली आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मे महिन्यात आम्ही गेलो. तिच्या काकांनी किल्ली दिली. तिने घर झाडले, ओटी सारवली. मी विहिरीतला पाला काढला. शेजारी विचारायला आले, किती दिवस राहणार. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, तिला विचारा.